भोपळ्याचं शिक्क्यांचं कार्ड: रेघ पसरते, भोपळे एकमेकांत घुसतात

एडिसनकर

थँक्सगिव्हिंगसाठी हाताने केलेली २४ कार्डं हवी आहेत. बहुतेक अमेरिकेतच जातील, चार-पाच पुण्याला. चित्र साधं आहे: तीन भोपळ्यांचा ढीग, दोन पानं, खाली मजकूर.

सामान: फोटोपॉलिमरचे पारदर्शक शिक्के (मोठा भोपळा, लहान भोपळा, पान, वेलीचा कुरळा तंतू, इंग्रजी मजकूर), अ‍ॅक्रिलिक ब्लॉक (शिक्का चिकटवून धरायला), मेमेंटोचं काळं पॅड, डिस्ट्रेस ऑक्साइडची तीन पॅडं (फॉसिलाइज्ड अंबर, कार्व्ह्ड पंपकिन, पील्ड पेंट), वॉटर ब्रश (दांड्यात पाणी भरायचा), व्हर्सामार्कचं पॅड (पावडर धरणारी चिकट, बिनरंगी शाई), पांढरी एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून ठसा उंच होतो), हीट गन. कागद लेटर आकाराचा, पाकिटावर ११० पौंड लिहिलंय.

तीन नमुने केले, तिन्ही बिनसले. काळ्या रेषेत पाण्याने रंग भरला की रेघ पसरते आणि नारिंगी मळकट होतो. मागचा भोपळा पुढच्याच्या पोटातून आरपार दिसतो. रंग भरल्यावर भोपळा संत्र्यासारखा दिसतो. पांढरी पावडर मजकुराबाहेरही चिकटते. आणि घडीवर कागद तडकतो. शिवाय एखादा शब्द मराठीत छापता येईल का?

शाईचा डाग

रेघ पसरते कारण शाई आणि रंग यांची जोडी चुकली आहे. मेमेंटो ही पाण्याच्या पायाची डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) आहे. वाळल्यावर अल्कोहोल मार्करला ती दाद देत नाही, म्हणून कॉपिक मार्करवाले तिच्यावर विसंबून असतात. पण पाणी लागलं की सुटते. व्हर्साफाइन क्लेअरसारखी पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची) नेमकी उलटी: वाळली की पाण्याला घट्ट, अल्कोहोल मार्करखाली मात्र फिसकटते. स्टेझऑन सॉल्व्हंटची, तीही पाण्याखाली पक्की आणि अल्कोहोलखाली कच्ची. म्हणजे रंग कशाने भरायचा ते आधी ठरवायचं आणि मग काळं पॅड उचलायचं. तुमच्याकडे वॉटर ब्रश आहे, तेव्हा मेमेंटो बाजूला ठेवा आणि व्हर्साफाइन क्लेअर किंवा रेंजरची आर्काइव्हल काळी घ्या.

व्हर्साफाइन सावकाश वाळते. हीट गन १५ ते २० सेकंद फिरवा किंवा दहा मिनिटं कागदाला हात लावू नका. तिच्या याच सावकाशपणाचा एक फायदा आहे: ओली असतानाच वर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाकून तापवली तर काळी रेघ उंच आणि चकचकीत होते, आणि पाण्याचा रंग त्या बांधाच्या आत राहतो. नवख्या हाताला हा बांध फार उपयोगी.

मळकटपणाची कारणं दोन. ऑक्साइडमध्ये डायबरोबर पिगमेंट असतं, पाणी मिळालं की ते खडूसारखं अपारदर्शक होतं आणि काळ्या रेषेवर पांढुरकी साय धरतं. पार्श्वभूमीला हा परिणाम छान दिसतो, बारीक चित्राच्या आत नाही. भोपळ्याच्या आत साधा डिस्ट्रेस वापरा, त्याच नावाच्या छटा मिळतात. दुसरं कारण म्हणजे नारिंगीला हिरवा भिडतोय. नारिंगी ओलं असताना देठाला किंवा पानाला पील्ड पेंट लावलंत तर सीमारेषेवर शेणकट तपकिरी होणारच. आधी सगळ्या कार्डांचे भोपळे, ते पूर्ण वाळल्यावर सगळी पानं आणि देठ.

नवीन पॉलिमर शिक्क्यावर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो, त्यावर शाईचे थेंब गोळा होतात आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा उमटतो. साध्या पांढऱ्या खोडरबराने पृष्ठभाग हलका घासा, चमक गेली की झालं. आणि पॉलिमर शिक्क्याखाली, म्हणजे कागदाच्या खाली, दोन-तीन मिलिमीटर जाड फोमची चटई ठेवा. टणक टेबलावर शिक्क्याच्या कडा उमटतात आणि मध्ये पोकळ राहतं.

घडीमोड

घडीचा प्रश्न आधी सोडवा, कारण कागद चुकला तर वरचं सगळं वाया.

पाकीट उलटून बघा, ११० पौंड ‘कव्हर’ आहे की ‘इंडेक्स’. दोन्हींवर आकडा तोच, जाडी वेगळी. ११० पौंड कव्हर साधारण ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) भरतो, ११० पौंड इंडेक्स जेमतेम २००. स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळणारं पाकीट बहुधा इंडेक्सचं असतं आणि त्याचं कार्ड टेबलावर उभं राहत नाही, कंबरेत वाकतं. पौंडांचा हा घोळ जलरंगाच्या कागदाला जोडला की आणखी वाढतो: तिथे १४० पौंड म्हणजे ३०० जीएसएम. म्हणून जीएसएमच बघायची सवय लावा. बाहेरच्या कार्डाला २७० ते ३००, वरच्या थरांना २१६ च्या आसपास, म्हणजे ८० पौंड कव्हर.

आता तडा. लेटर कागदाचा (८.५ × ११ इंच) ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बहुतेक वेळा ११ इंचांच्या बाजूने असतो. तुम्ही कागद उभा चिरून ४.२५ × ११ ची पट्टी करून ५.५ वर घडी घातली असणार. ती घडी ग्रेनला आडवी जाते, तंतू मोडतात आणि तडा दिसतो. त्याऐवजी ११ इंचांची बाजू मधोमध, ५.५ वर कापा. ८.५ × ५.५ चे दोन तुकडे मिळतात. प्रत्येकाला ४.२५ वर घडी घाला, ही घडी ग्रेनबरोबर जाते. कार्डाचा आकार तोच, ४.२५ × ५.५, फक्त वर उघडण्याऐवजी पुस्तकासारखं बाजूला उघडतं. ढिगाच्या उभ्या चित्राला तेच बरं. शंका असेल तर कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा. जिकडे सहज वाकेल, तिकडे वळणाची रेघ ग्रेनला समांतर आहे.

घडीची रेघ आधी बोथट टोकाने पाडून घ्यायची. स्कोअर बोर्ड नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. कागदाला एकीकडे खाच आणि मागे उंचवटा येतो. उंचवटा कार्डाच्या आत राहील अशी घडी घाला. उलटी घातली तर कागदाच्या बाहेरच्या थरावर ताण येतो. मग बोन फोल्डरने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून घ्या.

२४ कार्डांचा हिशेब: बाहेरचं कार्ड एका कागदात दोन, म्हणजे १२ कागद. रंगीत चौकट ४.१२५ × ५.३७५ इंच, एका कागदात चार, म्हणजे ६. चित्राचा पांढरा थर ४ × ५.२५, तोही चार, म्हणजे ६. पांढऱ्याचे मात्र दोन कागद जास्तीचे घ्या, ठसे बिघडतात ते त्याच थरावर. चित्र नेहमी या सुट्या थरावर काढायचं, घडी घातलेल्या कार्डावर थेट नाही. बिघडलं तर आठ-दहा सेंटचा तुकडा जातो, अख्खं कार्ड जात नाही.

आणि जलरंगासारखं भरणार असाल तर चित्राचा थर साध्या कार्डस्टॉकचा ठेवू नका. ब्रश दोनदा फिरला की त्याचे कण सुटतात आणि कागद पन्हळीसारखा वाकतो. १४० पौंडांचा हॉट प्रेस (गुळगुळीत) जलरंग कागद आणा. कोल्ड प्रेसच्या खडबडीवर पॉलिमरची बारीक रेघ तुटक येते.

कागदवेडी

भोपळे एकमेकांत घुसू नयेत याची युक्ती मास्किंग, म्हणजे उमटलेलं चित्र कागदाने झाकणं, आणि तिचा नियम आपल्या नेहमीच्या सवयीच्या उलट आहे. आपण चित्र काढताना मागचं आधी काढतो. शिक्क्यात सर्वांत पुढचा भोपळा आधी.

मास्कसाठी पूर्ण चिकट पाठीचा पोस्ट-इट किंवा मास्किंग पेपर घ्या. त्यावर मोठा भोपळा उमटवा आणि कापा. कापताना रेषेच्या किंचित आतून कापायचं, निम्मी काळी रेघ कापली जाईल असं. रेषेच्या बाहेरून कापलात तर मागच्या भोपळ्याची रेघ पुढच्यापर्यंत पोचत नाही आणि दोघांत पांढरी फट राहते. खूप आत कापलात तर मागची रेघ पुढच्याच्या अंगावर चढते. अर्धा मिलिमीटर आत, एवढंच.

क्रम: मोठा भोपळा मध्यभागाच्या थोडा डावीकडे, खालच्या कडेपासून दीड इंच वर उमटवा. खालची जागा मजकुराची. वाळला की मास्क झाका. लहान भोपळा उजवीकडे, निम्मा मास्कवर चढेल असा. त्यालाही मास्क. मग तिसरा, लहानच शिक्का थोडा कलवून मागे आणि वर. पानं मास्क न काढता शेवटी, देठांच्या जवळ खोचलेली. कुरळा तंतू एकच पुरे. तंतू जास्त झाले की जिलेबी होते.

मास्कच्या जाडीमुळे तिथे कागदाची पायरी होते आणि शिक्का पायरीच्या कडेला टेकत नाही, तेवढ्यात रेघ तुटते. त्यासाठी पातळ मास्क आणि खाली ती फोमची चटई. तरी तुटलीच तर ०.१ चं काळं पिगमेंट पेन घेऊन जोडून टाका. २४ कार्डांना एक मास्क पुरत नाही, काठ शाईने ओले होऊन डाग देतात. प्रत्येक भोपळ्याचे तीन-चार कापून ठेवा.

मिस्टीसारखं शिक्क्यांचं यंत्र असेल तर एका जागी शिक्का लावून चोवीसच्या चोवीस कागदांवर पुढचा भोपळा उमटवून घेता येतो, अर्धवट उमटला तर त्याच जागी पुन्हा दाबता येतो. नसेल तर अडत नाही. ब्लॉकवर मार्करने खुणेची रेघ मारा आणि कागदाची कड त्याला जुळवा.

संत्र्यासारखा का दिसतो, तर तुम्ही अख्ख्या फळाला एक गोळा धरून कडेने गडद आणि मध्ये फिकट करताय. भोपळा एक गोळा नाही. त्याची प्रत्येक फाक ही स्वतंत्र उभी नळी आहे. प्रत्येक फाकेच्या पोटावर उजेड, दोन फाकांमधल्या खाचेत सावली. खाच देठापाशी आणि बुडाशी सर्वांत खोल, म्हणून गडद रंग दोन्ही टोकांकडून आत यायला हवा आणि मध्ये विरायला हवा. हे झाल्यावर अख्ख्या भोपळ्याचा उजेड: डावीकडून प्रकाश धरला तर उजवीकडच्या दोन फाका एका पायरीने गडद. मधली किंवा तिच्या डावीकडची फाक सर्वांत उजळ. मागचे भोपळे पुढच्याच्या कडेपाशी गडद करा, तेव्हा ढीग ढिगासारखा दिसतो.

सावलीला काळा किंवा करडा लावू नका, नारिंगी मरते. डिस्ट्रेसमध्ये रस्टी हिंज किंवा व्हिंटेज फोटो या तपकिरीकडच्या छटा. अल्कोहोल मार्करवाल्यांना कॉपिकचे वायआर ०४, वायआर ०७, वायआर ०९ आणि अगदी खोल खाचेला ई ९९ एवढे चार बस होतात. जमिनीवरची सावली मात्र फिकट करड्याने, भोपळ्याच्या बुडाला चिकटून, उजवीकडे ओढलेली. ती नसेल तर भोपळे हवेत तरंगतात.

एडिसनकर

तीनच पॅडं आहेत आणि मार्कर आणायचे नाहीत. रस्टी हिंजचं एक छोटं पॅड घेतो. पण पॅडातला रंग ब्रशवर घ्यायचा कसा? आत्तापर्यंत ब्रश थेट पॅडवर टेकवत होतो.

शाईचा डाग

थेट पॅडवर ओला ब्रश टेकवला की पॅडात पाणी आणि दुसरे रंग जातात, पॅड खराब होतं. पॅड उलटं करून अ‍ॅक्रिलिक ब्लॉकवर किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर दाबा, शाईचा डाग उरतो, त्यात पाण्याचे एक-दोन थेंब. तीन डाग शेजारी: अंबर, कार्व्ह्ड पंपकिन, रस्टी हिंज.

आधी अख्ख्या भोपळ्यावर पातळ अंबर, फाकांच्या पोटावर जवळजवळ पाणीच. पूर्ण वाळू द्या. मग एक सोडून एक फाक भरा: पहिली, तिसरी, पाचवी. शेजारच्या दोन ओल्या फाका एकमेकांत वाहतात आणि तुम्ही कष्टाने केलेली खाच पुसली जाते. वाळल्यावर दुसरी आणि चौथी. खाचेत कार्व्ह्ड पंपकिनची रेघ ओढा, ब्रश पिळून कोरडा करा आणि रेषेची एकच कड पोटाकडे विरवा. शेवटी रस्टी हिंज, फक्त टोकांना. वॉटर ब्रशच्या पोटावर दाब देऊ नका. या आकाराच्या चित्रात थेंब पडला की फुलकोबीसारखे डाग उठतात.

डिस्ट्रेस वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो. म्हणून तिसऱ्या थराच्या पुढे जाऊ नका, खालचा थर उचलला जातो. चुकलेला रंग ओल्या ब्रशने उचलून टिपकागदाने टिपता येतो, तो याच गुणाचा फायदा.

सोपं_करा_बुवा

चोवीस कार्डांत बहात्तर भोपळे ब्रशने भरायचे? माझं मत वेगळं. काळी रेघच नको. दोन-तीन थरांचे ‘लेअर’ शिक्के मिळतात: पहिला सपाट भोपळा, दुसरा फाकांची छटा, तिसरा खाचा. तिन्ही एकाच रंगकुटुंबात, फिकट ते गडद. एक कार्ड पाच मिनिटांत.

आहे तोच रेषेचा शिक्का वापरायचा असेल तर रेघ काळ्याऐवजी व्हिंटेज फोटोसारख्या तपकिरीत उमटवा आणि आत रंग न भरता मास्कच्या उरलेल्या चौकटीतून, म्हणजे भोपळ्याच्या आकाराच्या भोकातून, ब्लेंडिंग ब्रशने नारिंगी चोळा. ब्रश आधी भोकाच्या बाहेर कागदावर टेकवून गोल गोल फिरवत आत आणायचा. थेट आत टेकवलात तर पहिला गोल डाग कायमचा. मऊ तपकिरी रेषेचं कार्ड काळ्या रेषेपेक्षा जास्त शरदाचं वाटतं असं माझं मत, पटलं तर घ्या.

कागदवेडी

बुवा, तपकिरी रेषेचं मान्य. पण थरांच्या शिक्क्यांत दुसरा थर एक मिलिमीटर सरकला की भोपळा दोन डोळ्यांनी वेगवेगळा पाहिल्यासारखा दिसतो. ब्लॉक हातात धरून चोवीस वेळा तो नेम लागत नाही, त्यासाठी यंत्रच हवं. रेषेच्या शिक्क्याला नेमाची गरज नाही.

अधलामधला मार्ग: पुढचा मोठा भोपळा ब्रशने नीट भरा, मागचे दोन एकाच रंगाचे सपाट ठेवा. एक फिकट राखाडी-निळा करा, एक मलईसारखा पांढरा. इकडच्या शेतांवर हे रंग खरेच असतात: जारडेल निळसर-करडा, लुमिना पांढरा. तिन्ही नारिंगी असले की ढिगात कोण पुढे कोण मागे ते कळत नाही. निळसर मागे ठेवला की नारिंगी आपोआप पुढे येतो. फक्त निळसर आणि नारिंगी ओले असताना भिडू देऊ नका, ते एकमेकांचे विरुद्ध रंग, मिसळले की चिखल.

आणि चेहरा कोरलेला भोपळा नको. डोळे-दात कोरले की तो ३१ ऑक्टोबरचा हॅलोवीनचा झाला. थँक्सगिव्हिंगच्या कार्डावर सबंध भोपळा, पानं, कणसं, ओकची फळं. कॅनडात कोणाला पाठवणार असाल तर तिथला दिवस ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, अमेरिकेतला नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. सहा-सात आठवड्यांचं अंतर पडतं, तिकडची कार्डं आधी टाका.

राख_आणि_पावडर

पांढऱ्या पावडरीबद्दल कोणीच लिहिलं नाही. ती भलतीकडे चिकटते त्याची कारणं तीन, आणि तुमच्या बाबतीत तिसरं असावं.

पहिलं, कागदावरची स्थिर वीज. मजकूर उमटवण्याच्या आधी अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी त्या जागेवर फिरवा. मलमलच्या तुकड्यात कॉर्नफ्लॉवर बांधूनही चालतं. दुसरं, बोटांचं तेल. मजकुराच्या जागी कागद धरू नका. तिसरं, खालचं ऑक्साइड ओलं असणं. त्यातल्या पिगमेंटमुळे ते हाताला कोरडं लागलं तरी आत दमट असतं आणि पावडर त्यालाच धरते. मजकुराआधी अर्धा मिनिट हीट गनने वाळवा, थंड होऊ द्या, मग पुरचुंडी, मग व्हर्सामार्क, मग पावडर.

पावडर टाकल्यावर कागद उभा धरून पाठीमागून टिचकी मारा. उरलेले चुकार कण कोरड्या बारीक ब्रशने झटका. तापवल्यावर काही करता येत नाही. गन आधी हवेत दहा-पंधरा सेकंद चालू ठेवा, पूर्ण तापली की कागदापासून दोन इंचांवर आणा. अर्धवट तापलेल्या गनने कागद वाकतो आणि पावडर उडते. पावडरीचा खरखरीतपणा जाऊन ती ओलसर चमकली की लगेच पुढच्या अक्षराकडे सरका. जास्त तापवलं तर ती कागदात मुरते, अक्षरं चपटी आणि तेलकट होतात. पांढऱ्याला हे सर्वांत आधी भोवतं.

पांढऱ्या थरावर पांढरा मजकूर वाचता येणार नाही हे सांगायला नको. खालची दीड इंच पट्टी गडद ब्लेंड करा किंवा मजकूर वेगळ्या तपकिरी पट्टीवर एम्बॉस करून चिकटवा. दुसरा मार्ग बरा. पट्ट्या एकदम चोवीस करता येतात आणि चित्राला धोका नाही.

उलटअक्षर

मराठी शब्द: जमतो, पण शब्द निवडताना अक्षरं बघा, नुसता अर्थ नको. शिक्का स्वतः कोरणार असाल तर ‘आभार’ घ्या. तीन सुटी अक्षरं, एकही जोडाक्षर नाही. ‘शुभेच्छा’ मधला ‘च्छ’ आणि ‘कृतज्ञता’ मधला ‘ज्ञ’ लहान आकारात शाईने भरून काळा ठिपका होतात. ‘धन्यवाद’ चालेल, अक्षर १२ मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर. आणि कृपा करून ‘पानगळीच्या शुभेच्छा’ नको. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, आणि पुण्याच्या पत्त्यावर तो मजकूर अभद्रच वाटेल.

कोरायला स्पीडबॉलचा गुलाबी मऊ ठोकळा किंवा मोठं पांढरं खोडरबर. शब्द ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलीने लिहा किंवा छापील अक्षर गिरवा, तो कागद पालथा ठोकळ्यावर ठेवून नखाने घासा. पेन्सिल उतरते आणि अक्षर आपोआप उलटं होतं, वेगळं डोकं चालवावं लागत नाही. कोरण्याआधी आरशात बघून घ्या, बरोबर वाचता आलं पाहिजे.

बारीक व्ही टोकाने अक्षराच्या कडेने रेघ पाडा. पातं अक्षरापासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे अक्षर पायथ्याशी रुंद आणि वर अरुंद राहतं. आत कललं तर शिरोरेषा पोकळ होऊन दाबताना मोडते. वळणावर हात नाही, ठोकळा फिरवायचा. आजूबाजूचा भाग रुंद यू टोकाने दोन ते तीन मिलिमीटर खोल काढा, उथळ राहिला तर तिथले ओरखडे उमटतात. रेघ दीड मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. ‘भ’ ची गाठ आणि ‘आ’ मधली पोकळी आधी कोरा. तिथे चुकलात तर बाकीची मेहनत वाचते.

रबरी शिक्के करणाऱ्याकडून करवणार असाल तर मजकूर टाईप करून पाठवू नका. त्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नसेल तर मात्रा सुट्या पडतात, वेलांट्या भलतीकडे जातात. अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या. फॉन्ट ‘एक टाइप’ या संस्थेचे, मुक्त परवान्याचे घ्या: मुक्ता सरळ आणि खुला, बालू गोलसर आणि कार्डाला शोभणारा. त्यांचाच मोदक गुबगुबीत, भोपळ्याशेजारी मजेशीर दिसेल, पण त्याच्या पोकळ्या केसाइतक्या आहेत. शिक्क्यात त्या बुजतात.

एक पुरवणी देठाबद्दल, कारण भोपळाही कोराल. नारिंगी अमेरिकन भोपळ्याचा देठ टणक, पाच कडांचा, मुळाशी थोडाच पसरतो. आपल्या तांबड्या भोपळ्याचा देठ फळाला मिळतो तिथे फुलपात्राच्या काठासारखा रुंद होतो, आणि फळही चपटं, हिरवट ठिपक्यांचं. पुण्याच्या लोकांना आपला भोपळा पाठवायचा असेल तर तो वेगळा कोरावा लागेल, पण ओळखतील लगेच.

घडीमोड

टपालाचं राहिलं. ए२ पाकीट ४.३७५ × ५.७५ इंच, म्हणजे लांबी-रुंदीचं गुणोत्तर १.३१. अमेरिकी टपालाची यंत्राने वेगळ्या होणाऱ्या पत्रासाठी खालची मर्यादा १.३ आहे, तेव्हा बसतं, पण जेमतेम. चारही बाजू सारख्या असलेलं चौरस पाकीट घेतलंत तर जादा पैसे पडतात. कार्ड उभं आहे म्हणून पत्ताही उभ्या पाकिटावर लिहू नका, आखूड बाजूला समांतर पत्ता यंत्राला चालत नाही.

वजन: बाहेरचं कार्ड ९ ग्रॅम, दोन थर मिळून ६, पाकीट ५ ते ६. एकवीसच्या आसपास, आणि एक औंस म्हणजे २८.३५. चित्राचा थर ३०० जीएसएमच्या जलरंग कागदाचा केलात तर आणखी एक ग्रॅम. तरी बसतं. पुढचा भोपळा वेगळा कापून फोम टेपवर उचलणार असाल तर एकच थर, दोन मिलिमीटरपर्यंत. पत्राची जाडी पाव इंचाच्या आत हवी आणि उंचवटा एकाच जागी असला तर यंत्रात अडकतो. सुतळीची गाठ, बटण, लाखेची मोहर असलेली कार्डं हातानेच द्या.

पुण्याची एक औंसापर्यंत असतील तर ग्लोबल फॉरेव्हर तिकीट प्रत्येकी एक. सजावटीला वाळवलेलं खरं पान आत घालू नका, वनस्पतींचे भाग परदेशी टपालात क्वारंटाइनच्या नियमांत येतात.

टिपकागद

पुण्यातून वाचणाऱ्यांसाठी: ए४ मधोमध कापून, १०५ मिलिमीटरवर घडी घालून ए६ कार्ड होतं, पाकीट सी६. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद वापरणार असाल तर डाय शाई नको, सुती तंतूंतून ती केसासारखी फुटते. पिगमेंट शाई आणि ठळक रेघांचा कोरीव शिक्का.

लहान मुलांना सोबत घ्यायचं असेल तर पॉलिमर शिक्के त्यांच्या हाती देऊ नका. शाळेत भेंडीचे ठसे करतो तसं सफरचंद देठापासून उभं कापा, काप टिपकागदावर पाच मिनिटं पालथा ठेवून रस टिपा, पोस्टर कलर ब्रशने पातळ लावा आणि दाबा. भोपळ्याचा आकार तयार मिळतो. रस टिपला नाही तर रंग पातळ होऊन कडेने ओघळतो. दर सहा-सात ठशांनंतर पुन्हा टिपा.

एडिसनकर

पाकीट बघितलं, इंडेक्सच निघालं. २७० चा कागद, जलरंगाचा हॉट प्रेस आणि व्हर्साफाइन मागवतोय. मागे निळसर-करडा आणि मलई, पुढे एकच नारिंगी. ‘आभार’ तपकिरी पट्टीवर पांढऱ्यात. एक शंका: व्हर्सामार्क खोडरबराच्या शिक्क्यावर चालतं का?

उलटअक्षर

चालतं. पण खोडरबर ते शोषून घेतं, पहिले दोन-तीन ठसे अर्धवट येतील. रद्दी कागदावर काढून टाका आणि मग पट्टीवर या. व्हर्सामार्क चिकट असतं, ठोकळा सरळ वर उचला, तिरका उचललात तर शिरोरेषा दुहेरी उमटते.